मुंबई–न्यूयॉर्क विमान आइसलंडकडे का वळतं? उत्तर साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका नकाशावाल्याकडे आहे

घरातलं कोणी परदेशात निघालं की हल्ली सगळ्यांच्या फोनवर फ्लाइट ट्रॅकर उघडा असतो. काही वर्षांपूर्वी माझी मावसबहीण मुंबईहून न्यूयॉर्कला निघाली तेव्हा आमच्याकडेही तेच झालं. मावशीने रात्रभर फोन खाली ठेवला नाही. शेवटी तिने मला उठवलंच. स्क्रीनवर विमान आइसलंडच्या जवळ दिसत होतं आणि मावशीचं ठाम मत होतं की पायलट रस्ता चुकलाय.

खरं सांगायचं तर तिच्या म्हणण्यात तथ्य वाटावं असंच ते चित्र होतं. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे, न्यूयॉर्क 41 अंशांच्या आसपास. फोनवरच्या नकाशावर ही दोन ठिकाणं पट्टी लावून जोडली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जेरिया, मोरोक्को अशी जाते आणि तिथून अटलांटिक ओलांडते. मग विमानाने 64-65 अंशांवरच्या बर्फाळ देशाकडे जायचं कारण काय?

आता आकडे बघा. पट्टीने काढलेल्या त्या सरळ रेघेवरून खरोखर उडालं तर अंतर भरतं सुमारे 14,200 किमी. आणि फिनलंड, स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा जो वाकडा रस्ता दिसतो, त्याचं अंतर आहे सुमारे 12,500 किमी. म्हणजे वाकडी रेघ सरळ रेघेपेक्षा 1,700 किमीने कमी! ताशी 900 किमी वेगाने जाणाऱ्या विमानाचे जवळजवळ दोन तास वाचतात, आणि तेवढं इंधनही.

हे कसं शक्य आहे? शक्य आहे, कारण वाकडं विमान नाही, नकाशा आहे. तो तसा मुद्दाम बनवलाय. ज्याने बनवला त्याने विमान सोडाच, बलूनसुद्धा पाहिला नव्हता. त्याचं नाव गेरार्डस मर्केटर. आजचा लेख त्याच्याबद्दल, कारण दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ समजून घ्यायची असेल तर या माणसाने काय केलं आणि काय सोडून दिलं, हे कळावं लागतं.

चांभाराचा मुलगा

मर्केटरचा जन्म 5 मार्च 1512 रोजी रुपेलमोंडे नावाच्या छोट्या गावात झाला. आज हे गाव बेल्जियममध्ये येतं, तेव्हा या भागाला फ्लँडर्स म्हणत. वडील चपला-जोडे शिवायचे. घरात मुलं बरीच, हा सातवा. आईवडील मूळचे शेजारच्या जर्मन भागातले, त्यांचं आडनाव क्रेमर. क्रेमर म्हणजे व्यापारी. त्या काळी शिकलेली माणसं आपलं नाव लॅटिनमध्ये करून घेत, तसं पुढे क्रेमरचं मर्केटर झालं. अर्थ तोच, फक्त भाषा भारी.

तो चौदा वर्षांचा असताना वडील गेले. घराण्यातला गिस्बर्ट नावाचा एक वडीलधारा पाद्री होता, त्याने या मुलाची जबाबदारी घेतली आणि त्याला शाळेत घातलं. 1530 मध्ये मर्केटर लुव्हेनच्या विद्यापीठात दाखल झाला. प्रवेशाच्या नोंदवहीत त्याचं नाव गरीब विद्यार्थ्यांच्या यादीत आहे. दोन वर्षांत पदवी मिळाली, पण पुढे काय करायचं ते ठरेना. जग कसं निर्माण झालं याबद्दल अॅरिस्टॉटल एक सांगतो आणि बायबल दुसरंच सांगतं, हे त्याला छळायचं. काही काळ तो विद्यापीठ सोडून बाहेर राहिला, मेखेलेन शहरातल्या फ्रान्सिस्कन साधूंशी चर्चा केल्या. हे लक्षात ठेवा, कारण हेच साधू पुढे त्याच्या गळ्याशी येणार आहेत.

1534 मध्ये तो परतला आणि गेमा फ्रिसियस या गणितज्ञाच्या हाताखाली शिकू लागला. गणित, खगोल, मोजणीची उपकरणं. शिवाय तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरण्याचं काम. ही कला त्याच्या हातात अशी बसली की 1536 च्या पृथ्वीगोलावरची नावं त्यानेच कोरली. त्याचं अक्षर इतकं सुंदर होतं की पुढे 1540 मध्ये त्याने तिरकी लॅटिन अक्षरं कशी लिहावीत यावर पुस्तकच काढलं. म्हणजे फॉन्टचाही नाद होता म्हणा ना. 1536 मध्येच त्याचं बार्बरा शेलेकेन्सशी लग्न झालं. त्यांना सहा मुलं झाली.

सरळ जायचं म्हणजे नक्की कसं?

1541 मध्ये मर्केटरने स्वतःचा पृथ्वीगोल बाजारात आणला, साधारण 42 सेंटिमीटर व्यासाचा. त्यात एक नवीन गोष्ट होती. गोलावर देश आणि समुद्र तर होतेच, पण समुद्रावर गोगलगाईच्या शंखासारख्या वळत वळत ध्रुवाकडे जाणाऱ्या रेषा कोरलेल्या होत्या.

या रेषा म्हणजे काय ते समजलं की अर्धा लेख समजला.

त्या काळच्या खलाशाकडे होकायंत्र होतं. जीपीएस नाही, अचूक घड्याळ नाही. आपण पूर्व-पश्चिम किती आलो हे त्याला नीट कळायचं नाही. मग सोपा उपाय काय? एक दिशा धरायची आणि ती सोडायची नाही. समजा होकायंत्रावर ईशान्य ठरवली, तर दिवसरात्र ईशान्येकडेच जायचं. ऐकायला हे सरळ जाणं वाटतं. पण पृथ्वी गोल आहे आणि सगळ्या रेखावृत्तांच्या रेषा ध्रुवाजवळ एकत्र येतात. प्रत्येक रेखावृत्ताला सारख्याच कोनात छेदत गेलात तर तुमचा मार्ग गोलावर सर्पिल होतो, हळूहळू ध्रुवाभोवती गुंडाळत जातो. याला रम्ब लाइन म्हणतात. पोर्तुगालचा गणितज्ञ पेद्रो नुनेस याने 1537 मध्ये हे मांडलं होतं. मर्केटरने ते गोलावर काढून दाखवलं.

दुसरा सरळ रस्ता वेगळा. घरी पृथ्वीगोल असेल तर आत्ता करून बघा, नसेल तर चेंडूवर दोन टिंबं काढा. एक दोरा दोन्ही टिंबांमध्ये ताणून धरा. दोरा आपोआप सगळ्यात जवळचा रस्ता पकडतो. हा ग्रेट सर्कलचा तुकडा, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त. पृथ्वीला बरोबर मधोमध कापलं तर जी कड दिसेल, तिचा हा भाग. यावरून जाताना अंतर सगळ्यात कमी असतं, पण एक अडचण आहे: होकायंत्रावरची दिशा सतत बदलत राहते. मुंबईहून न्यूयॉर्कला या मार्गाने निघालात तर सुरुवातीला तोंड उत्तर-वायव्येकडे असतं, आइसलंडच्या थोडं आधी ते बरोबर पश्चिमेकडे होतं आणि न्यूयॉर्कजवळ येईपर्यंत नैऋत्येकडे वळलेलं असतं. स्टिअरिंग मात्र कुठेच वळवलेलं नाही!

एक रस्ता दिशा सांभाळतो, दुसरा अंतर सांभाळतो. गोलावर दोन्ही दाखवता येतात. पण 42 सेंटिमीटरचा गोल घेऊन हलत्या जहाजावर कोण मोजमाप करणार? हवा होता सपाट कागद, ज्यावर पट्टी ठेवली की दिशा मिळेल. हा प्रश्न मर्केटरच्या डोक्यात बसला. पण मध्येच एक वेगळंच संकट आलं.

सात महिने किल्ल्यात

फ्लँडर्सवर तेव्हा सम्राट पाचव्या चार्ल्सचं राज्य होतं. जर्मनीतून मार्टिन ल्यूथरचे विचार पसरत होते आणि कॅथलिक सत्तेला ते अजिबात खपत नव्हतं. 1544 च्या सुरुवातीला लुव्हेन आणि आसपासच्या 43 लोकांची यादी निघाली. आरोप पाखंडाचा. त्या यादीत मर्केटरचं नाव होतं.

त्याला पकडायला माणसं लुव्हेनला गेली तेव्हा तो घरी नव्हता. गिस्बर्ट नुकताच वारला होता आणि त्याच्या मालमत्तेचं काम उरकायला मर्केटर रुपेलमोंडेला गेला होता. पण घरी नाही म्हणजे पळून गेला, असाच अर्थ काढला गेला. शिवाय मेखेलेनच्या त्या साधूंना त्याने लिहिलेल्या पत्रांचा संशय होताच. पत्रांत नेमकं काय आहे हे बघण्याआधीच माणूस आत.

त्याला ठेवलं रुपेलमोंडेच्या किल्ल्यात. ज्या गावात जन्मला, त्याच गावात कैदी. वय 32. घरी बार्बरा आणि लहान मुलं. विद्यापीठातले लोक त्याच्या बाजूने उभे राहिले, पत्रं लिहिली, गावच्या पाद्र्यानेही शब्द टाकला. महिने चालले होते. त्या 43 जणांपैकी दोन पुरुषांना जिवंत जाळलं, एकाचा शिरच्छेद केला आणि दोन स्त्रियांना जिवंत पुरलं. मर्केटरच्या घरझडतीत आणि पत्रांत काहीच सापडलं नाही. सप्टेंबरमध्ये, सात महिन्यांनी, तो सुटला.

सुटल्यावर त्याने या सगळ्यावर आरडाओरड केली नाही. परत कामाला लागला. उपकरणं, गोल, शिष्य. इंग्लंडहून आलेला जॉन डी हा तरुण विद्वान याच काळात त्याचा जिवलग दोस्त झाला. मात्र 1552 मध्ये मर्केटरने लुव्हेन सोडलं आणि सगळं कुटुंब घेऊन जर्मन भागातल्या ड्यूसबुर्ग शहरात बिऱ्हाड हलवलं. तिथला ड्यूक विल्हेल्म धर्माच्या बाबतीत बराच उदार होता. मर्केटर का गेला याचं उत्तर मला तरी त्या सात महिन्यांत दिसतं.

भूमध्य समुद्र छोटा करणारा माणूस

ड्यूसबुर्गमध्ये त्याने 1554 साली युरोपचा मोठा नकाशा काढला, 15 पत्रकांचा. आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. टॉलेमी या प्राचीन विद्वानाच्या हिशेबाने भूमध्य समुद्र पूर्व-पश्चिम 62 अंश लांब होता आणि लोक तेरा-चौदाशे वर्षं तेच धरून चालले होते. मर्केटरने खलाशांच्या नोंदी आणि इतर मोजमापं एकमेकांशी ताडून तो 53 अंशांवर आणला. खरी लांबी 42 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे अजून बराच पल्ला बाकी होता. पण दोन ठिकाणांमधलं अंतर नुसतं जुन्या पुस्तकात आहे म्हणून मानायचं नाही, हे त्याने केलं. नकाशा तुफान खपला.

1564 मध्ये तो लोरेन प्रांताची मोजणी करायला मुलाला घेऊन स्वतः बाहेर पडला. ती मोहीम त्याला इतकी जड गेली की तब्येत पार कोसळली. त्यानंतर तो बहुतेक टेबलावरच काम करत राहिला. जगाचा सगळ्यात प्रसिद्ध नकाशा काढणारा हा माणूस खलाशी नव्हता. आपलं जग त्याला दुसऱ्यांच्या पत्रांतून आणि नोंदींतून कळत होतं. आपलंही तसंच आहे म्हणा, फोनवरून.

1569: नकाशा ताणला

आणि मग 1569 मध्ये तो नकाशा आला. 18 पत्रकं जोडून सुमारे दोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच. लॅटिनमधलं नाव लांबलचक आहे, अर्थ साधारण असा की खलाशांच्या उपयोगासाठी नीट जुळवून घेतलेलं जगाचं नवं आणि वाढीव वर्णन. नावातच ग्राहक कोण ते सांगितलंय: खलाशी.

त्याने केलं काय? गोलावर रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येतात. मर्केटरने ती कागदावर उभी, समांतर ठेवली. त्यामुळे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे देश आडवे ताणले गेले. 60 अंशांवर हा ताण दुप्पट होतो. नुसता आडवा ताण दिला तर आकार बिघडतात, कोन बिघडतात, जसा फोटो एकाच बाजूने ओढला की चेहरा फुगतो. म्हणून त्याने त्या त्या ठिकाणी उभाही तेवढाच ताण दिला. फोटोचा कोपरा धरून मोठा करतो ना, तसं. फक्त प्रत्येक अक्षांशाला वेगळ्या प्रमाणात.

याचा फायदा असा झाला की कोन शाबूत राहिले. गोलावरच्या त्या शंखासारख्या रेषा कागदावर एकदम सरळ झाल्या. खलाशाने निघायचं बंदर आणि पोचायचं बंदर पट्टीने जोडायचं, रेघेचा कोन मोजायचा आणि होकायंत्रावर तो धरून निघायचं. काम तमाम.

किंमत मोजली अंतराने. मुंबईजवळ नकाशावरचा एक सेंटिमीटर जितके किलोमीटर दाखवतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी किलोमीटर आइसलंडजवळचा एक सेंटिमीटर दाखवतो. म्हणून मावशीच्या स्क्रीनवर आइसलंडकडचा रस्ता लांबलचक दिसत होता. तो लांब नव्हता, तिथला कागद ताणलेला होता. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो तोही यामुळेच, प्रत्यक्षात आफ्रिका 14 पट मोठी आहे.

आता कोणी म्हणेल मर्केटरने जगाला फसवलं. अशी टीका गेल्या शतकात खूप झाली, की युरोपला मोठं दाखवण्यासाठी हा नकाशा काढला. मला ते पटत नाही. त्याने त्याच नकाशावर एका चौकटीत, अंतर कसं मोजायचं याच्या वेगळ्या सूचना दिल्यात. म्हणजे पट्टी लावून किलोमीटर मोजायला हा नकाशा नाही, हे त्याला नीट माहीत होतं आणि त्याने ते लपवलं नाही. चौकटी कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा. आपण तरी अॅपच्या अटी वाचतो का?

अजून एक गंमत. या पद्धतीत ध्रुव नकाशावर बसूच शकत नाही, ताण अनंत होतो. म्हणून मर्केटरने उत्तर ध्रुवाचा छोटा वेगळा नकाशा कोपऱ्यात काढला. तिथे कोणी गेलेलं नव्हतं, तेव्हा ऐकीव माहितीवर चार मोठी बेटं आणि बरोबर ध्रुवावर एक काळा खडक दाखवला. सगळं काल्पनिक. आज त्याच भागावरून लांब पल्ल्याची प्रवासी विमानं जातात आणि खाली फक्त गोठलेला समुद्र दिसतो.

हा नकाशा लगेच हिट झाला का? नाही. खलाशांनी बराच काळ त्याला हात लावला नाही. अक्षांशांमधलं अंतर नेमकं किती वाढवायचं याचं गणित मर्केटरने कुठे लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याला तसा नकाशा काढणं जमेना. तो मेल्यानंतर पाच वर्षांनी, 1599 मध्ये, एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने छोट्या छोट्या पायऱ्यांत बेरजा करून तक्ते छापले. तेव्हा कुठे हा नकाशा कोणालाही काढता येऊ लागला आणि पुढे समुद्रावर त्याचंच राज्य झालं.

मग तो आपल्या फोनमध्ये काय करतोय?

खरंच, आपण कुठे होकायंत्र धरून जहाज चालवतो? तरीही गूगल मॅप्ससह बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटरच्या पद्धतीवरच उभे आहेत. त्याला वेब मर्केटर म्हणतात. कारण तेच जुनं: कोन शाबूत राहतात. तुम्ही गल्लीपर्यंत झूम करता तेव्हा चौक काटकोनात दिसायला हवा, मग तो नाशिकचा असो की स्वीडनचा. गूगल मॅप्सच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्तीत वेगळी पद्धत होती, तेव्हा स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडच्या शहरांत काटकोनातले रस्ते तिरके दिसायचे. म्हणून मर्केटरला बोलावणं आलं.

दुसरं कारण चौकोन. पूर्ण झूम आउट केलं की सगळं जग 256 गुणिले 256 पिक्सेलच्या एका चौरसात मावतं. एक पायरी झूम इन केलं की त्याचे चार चौरस, मग सोळा, असं वाढत जातं. फोन फक्त लागतील तेवढे चौरस डाउनलोड करतो, म्हणून स्लो नेटवरही नकाशा चालतो. जग बरोबर चौरस व्हावं म्हणून वरून-खालून 85 अंशांच्या थोडं पुढे कापून टाकलंय. ध्रुव इथेही बसले नाहीत. डेस्कटॉपवर मात्र 2018 पासून गूगल मॅप्स झूम आउट केलं की गोल पृथ्वी दाखवतं.

पण अंतर काढायला कुठलंही शहाणं अॅप या चित्रावर पट्टी लावत नाही. ते दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतं आणि 6,371 किमी त्रिज्येच्या गोलावर ग्रेट सर्कलचं सूत्र वापरतं. अजून बारीक हिशेब हवा असेल तर पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे हेही धरतं. मुंबई–न्यूयॉर्क 12,500 किमी हा आकडा असाच येतो. तुम्हाला करून बघायचं असेल तर गूगल अर्थ उघडा, मोजपट्टीचं बटण दाबा, दोन्ही शहरांवर टिचकी मारा आणि मग गोल फिरवून रेघ कुठून जाते ते बघा.

वेळेचं गणित मात्र एवढं सोपं नाही. 12,500 भागिले 900 केलं तर चौदा तासांच्या जरा आत येतं. प्रत्यक्षात न्यूयॉर्कला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. रस्ता सुमारे 1,400 किमीने लांबला, तरी पाठीवर वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा दोनेक तास आधी पोचलं. म्हणजे कधी कधी लांबचा रस्ताच लवकर पोचवतो.

त्यात आकाशालाही कुंपणं आहेत. मुंबईहून न्यूयॉर्कचा सगळ्यात जवळचा रस्ता सुरुवातीलाच पाकिस्तानवरून जातो. 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना वळसा घ्यावा लागला, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवासाचा वेळ वाढला. म्हणून अंतर शोधताना दिसणारा आकडा आणि तिकिटावरचा वेळ यांचा भागाकार कधीच नीट जुळत नाही.

शेवटची वर्षं

1569 नंतर मर्केटर पंचवीस वर्षं जगला आणि त्याने त्या नकाशापेक्षा मोठं काम हातात घेतलं: विश्वाची उत्पत्ती, आकाश, जमीन, इतिहास, सगळं एकाच ग्रंथमालेत. देशादेशांचे नकाशे एक एक करून कोरत राहिला. 1586 मध्ये बार्बरा गेली. पुढच्याच वर्षी थोरला मुलगा अर्नोल्ड गेला, जो बापाचा धंदा पुढे नेणार होता. 1589 मध्ये मर्केटरने दुसरं लग्न केलं. 1590 मध्ये पक्षाघाताचा झटका आला. हाताने बारीक कोरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला काम जमेना. 1593 मध्ये पुन्हा झटका आला, आणि 2 डिसेंबर 1594 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी, ड्यूसबुर्गमध्ये तो वारला.

ग्रंथमाला अर्धीच राहिली. धाकटा मुलगा रुमोल्ड याने जे होतं ते गोळा करून 1595 मध्ये छापलं. नाव बापानेच ठरवून ठेवलं होतं: अॅटलस. अनेकांना वाटतं की पृथ्वी खांद्यावर घेतलेल्या त्या ग्रीक राक्षसावरून हे नाव आलं. पण मर्केटरच्या डोक्यात होता आफ्रिकेतल्या मॉरिटेनिया देशाचा अॅटलस नावाचा राजा, जो दंतकथेप्रमाणे आकाशाचा अभ्यास करायचा. शाळेत आपण नकाशांच्या वहीला अॅटलस म्हणतो ते तिथून.

1569 च्या त्या मोठ्या नकाशाच्या मोजक्याच मूळ प्रती उरल्या. एक पॅरिसला आहे, एक बासेलला, एक रॉटरडॅमला. चौथी ब्रेस्लाऊ शहरात होती, ती दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली.

आणि हो, मावसबहीण परत आली तेव्हा विमान जातानापेक्षा लवकर पोचलं. मावशीने यावेळीही विचारलं, पायलटने शॉर्टकट मारला का? मी फक्त म्हणालो, वारा.